गर्भाला वेदना कळतात का? वाचकांचे तीन प्रश्न

प्रश्न : माझी धाकटी जाऊ नऊ आठवड्यांची गरोदर होती. थोरले मूल अजून अंगावर पिते आहे आणि तिच्या अंगात रक्तही कमी, म्हणून नवरा-बायकोने विचार करून मान्यताप्राप्त केंद्रात गर्भपात करून घेतला. पुढच्याच आठवड्यात नात्यातल्या कोणीतरी तिला व्हॉट्सअ‍ॅपवर एक जुनी इंग्रजी चित्रफीत पाठवली. तिच्यात सोनोग्राफीच्या पडद्यावर बारा आठवड्यांचा गर्भ उपकरणापासून दूर सरकताना दिसतो, तोंड उघडतो, आणि तो किंचाळत असल्याचे निवेदक सांगतो. तेव्हापासून तिचे अन्नावरचे मन उडाले आहे. गर्भाला खरोखरच वेदना होतात का? (एक वाचक, कऱ्हाड)

उत्तर : आपल्या जाऊबाईंना सर्वांत आधी हे सांगा, की नऊ आठवड्यांच्या गर्भाला वेदना कळत नाहीत. या विषयात तज्ज्ञांचे मतभेद आहेत आणि ते मी लपवणार नाही. पण नववा आठवडा त्या वादाच्या कक्षेतच येत नाही. त्या वेळी गर्भाची लांबी डोक्यापासून बुडापर्यंत जेमतेम अडीच सेंटीमीटर असते आणि ज्या मेंदूने वेदना जाणवायची, त्याची घडण नुकती कुठे सुरू झालेली असते.

आपण केलेल्या वर्णनावरून ती चित्रफीत १९८४ साली अमेरिकेत निघालेल्या एका प्रचारपटातील असावी. गर्भाच्या फुफ्फुसांत हवाच नसते, त्यामुळे किंचाळण्याचा प्रश्न उद्भवत नाही. दूर सरकण्याचे मात्र स्पष्टीकरण द्यायला हवे, कारण गर्भ हालतो हे खरेच आहे. अगदी आठव्या आठवड्याच्या सुमारास ओठांजवळ स्पर्श झाला तरी तो मान वळवतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. तापलेल्या तव्याला बोट लागले की हात आधी मागे येतो आणि चटका नंतर जाणवतो. हात मागे घेण्याचा हुकूम मज्जारज्जूतूनच सुटतो, त्यासाठी मेंदूची वाट पाहिली जात नाही. गर्भात ही पहिली यंत्रणा फार लवकर तयार होते. चटका ‘जाणवण्या’साठी मात्र संवेदना मज्जारज्जूतून थॅलॅमसपर्यंत, म्हणजे मेंदूच्या आतील संवेदना पुढे धाडणाऱ्या केंद्रापर्यंत, आणि तेथून मेंदूच्या बाह्य थरापर्यंत, म्हणजे कॉर्टेक्सपर्यंत, पोहोचावी लागते, आणि थॅलॅमसकडून येणारे मज्जातंतू या थरात शिरू लागतात ते साधारण तेविसाव्या-चोविसाव्या आठवड्यापासून.

याच आधारावर ब्रिटनमधील प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१० साली असा निष्कर्ष काढला, की चोवीस आठवड्यांपूर्वी गर्भाला वेदना होऊ शकत नाहीत. २०२२ च्या सुधारित अहवालात तर अठ्ठावीस आठवड्यांपूर्वी त्याची शक्यता कमीच असल्याचे म्हटले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २००५ साली आलेल्या आढाव्याचा निष्कर्षही तिसऱ्या तिमाहीपूर्वी वेदनेची शक्यता कमी, असाच होता.

आता दुसरी बाजू. २०२० साली स्टुअर्ट डर्बीशायर आणि जॉन बॉकमन या दोन संशोधकांनी लिहिले, की कॉर्टेक्स पूर्ण जोडला जाण्याआधीही, कदाचित बाराव्या आठवड्यापासून, एखाद्या प्राथमिक स्वरूपाच्या, विचार वा आठवण नसलेल्या वेदनेची शक्यता ठामपणे नाकारता येत नाही. गर्भपाताच्या नैतिकतेबद्दल या दोन लेखकांचीच मते परस्परविरुद्ध आहेत आणि डर्बीशायर पूर्वी नेमके उलट प्रतिपादन करीत असत, म्हणून या लेखाला वजन आले. तरीही ‘नाकारता येत नाही’ आणि ‘सिद्ध झाले’ यांत फार अंतर आहे, आणि प्रचारक ते एका उडीत पार करतात.

डॉक्टरांच्या ठामपणाबद्दल वाचकांच्या मनात शंका असेल, तर तिलाही कारण आहे. १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी नवजात बालकांवर, त्यांना वेदना कळत नाहीत असे गृहीत धरून, जुजबी भूल देऊन शस्त्रक्रिया होत असत. इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांच्या संशोधनाने आणि विशेषतः १९८७ सालच्या त्यांच्या लेखाने ही समजूत मोडली. पुढे याच आनंद यांनी वीस आठवड्यांनंतरच्या गर्भाला वेदना होत असाव्यात, अशी साक्ष अमेरिकी न्यायालयात दिली. ती बहुसंख्य तज्ज्ञांनी मान्य केलेली नाही. पण ज्याने एकदा सर्वांना चूक ठरवले, त्याचे म्हणणे ऐकून तरी घ्यावे लागते, आणि वीस आठवड्यांच्या पुढच्या गर्भाबद्दल बोलताना मी स्वतः ‘मुळीच नाही’ असा शब्दप्रयोग टाळतो. आपल्या जाऊबाईंचा प्रश्न त्याच्या कितीतरी अलीकडचा आहे. ती चित्रफीत त्यांच्या फोनमधून काढून टाका, आणि पंधरवड्यात जेवण-झोप सुधारली नाही तर त्यांना डॉक्टरांकडे न्या. रक्त कमी असलेल्या बाईने उपाशी राहणे हीच या क्षणी खरी काळजीची गोष्ट आहे.

प्रश्न : अमेरिकेतील काही राज्यांनी गर्भाच्या वेदनेवरून कायदे केले. आपल्या कायद्यात याचा विचारच का नाही? (एक महाविद्यालयीन प्राध्यापक, नाशिक)

उत्तर : कारण आपला कायदा वेगळ्या चिंतेतून जन्मला. चोरून केलेल्या, गावठी उपायांच्या गर्भपातांत बायका मरत होत्या, म्हणून केंद्र सरकारने १९६४ साली महाराष्ट्राचे तत्कालीन मंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिच्या शिफारशींवरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला. स्त्रीच्या जिवाला धोका, तिच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याची गंभीर हानी आणि गर्भातील गंभीर व्यंग, या कसोट्यांवर तो उभा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे आणि ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत पुरेसे ठरवले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सव्वीस आठवड्यांच्या एका गरोदर विवाहितेला सर्वोच्च न्यायालयाने परवानगी नाकारली, ती चोवीस आठवड्यांची मर्यादा उलटली होती, आईच्या जिवाला तातडीचा धोका नव्हता आणि गर्भात व्यंग आढळले नव्हते म्हणून.

नेब्रास्का राज्याने २०१० साली वेदनेचे कारण देऊन वीस आठवड्यांची मर्यादा घातली, तेव्हा एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. त्या कायद्यात आठवडे गर्भधारणेपासून मोजलेले होते, तर डॉक्टर ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे तो ‘विसावा’ आठवडा आपल्या हिशेबाने बाविसावा होता. या विषयावरील निम्मी भांडणे मोजणीच्या या घोळातूनच निघतात. वेदनेचा निकष कायद्यात आणू नये असे माझे मत आहे, कारण संशोधनाचा काटा दर दहा वर्षांनी हलतो आणि त्याच्यासोबत स्त्रियांचे हक्क हलवणे योग्य नाही. शिवाय वेदना नाही म्हणून सर्व काही क्षम्य, असा उलटा निष्कर्षही त्यातून निघू शकतो. लिंगनिदान करून होणारा गर्भपात बाराव्या आठवड्यात झाला तरी अन्यायच असतो, आणि त्याविरुद्ध १९८८ साली देशात पहिला कायदा महाराष्ट्राने केला, तेव्हा त्यात वेदनेचा मुद्दा नव्हता.

प्रश्न : पाच महिन्यांच्या सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूत गंभीर दोष निघाला. आता बाविसावा आठवडा सुरू आहे. गर्भपात करताना बाळाला त्रास होईल, या विचाराने पत्नीचा निर्णय होत नाही. (एक वाचक, लातूर)

उत्तर : या टप्प्यावर आपल्या पत्नीने हा प्रश्न विचारणे रास्त आहे आणि तो त्यांनी डॉक्टरांना थेट विचारावा. उशिराच्या आठवड्यांत कळा सुरू करण्यापूर्वी गर्भाच्या हृदयात इंजेक्शन देऊन ते थांबवण्याची पद्धत आहे. तसे केल्यावर पुढच्या प्रक्रियेत गर्भाला काही जाणवण्याचा प्रश्न उरत नाही. ही सोय सगळीकडे नसते, म्हणून फीटल मेडिसिनचे, म्हणजे गर्भाच्या आजारांचे, तज्ज्ञ असलेल्या मोठ्या रुग्णालयात दाखवा.

निर्णय पत्नीचा आहे. कायद्याने संमती फक्त त्यांचीच लागते, आपली सही लागत नाही. मात्र दिवस दवडू नका. चोवीस आठवड्यांच्या आत दोन डॉक्टरांच्या मतावर काम होते. त्यानंतर प्रकरण वैद्यकीय मंडळाकडे जाते आणि नियमानुसार मंडळाला अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत द्यावे लागते. जाताना पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीचा अहवालही सोबत न्या, कारण आठवड्यांची मोजणी त्यावरूनच सर्वांत पक्की होते.