बीपी उतरलं, मग गोळी कशाला?

प्रश्न : बायपासनंतर वडिलांचं बीपी १२४/७८ येतंय. ते म्हणतात, गोळ्या बंद करू. एका गोळीनं कोरडा खोकलाही लागलाय.
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : अहो, ते १२४ गोळ्यांमुळंच आलंय! बायपासनं रक्ताला नवी वाट मिळते, बीपीची खोड जात नाही. बहुतेकांना १३०/८० च्या खाली राहायला सांगतात. मेटोप्रोलॉलसारखी गोळी तर एकदम तोडूच नका. ठोके वाढून छातीत दुखू शकतं, झटकाही येऊ शकतो. खोकला बहुधा रामिप्रिलसारख्या गोळीचा असेल. सिरपच्या बाटल्या रिचवण्यापेक्षा डॉक्टरांना सांगा, ते टेल्मिसार्टनसारखी दुसरी देतील. उठताना चक्कर आली तरी डोस तेच ठरवतील.

गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या आणू नका. त्यानं बीपी चढतं, हृदयालाही धोका. आणि पांढरा रस्सा तिखट नाही म्हणून वाट्यावर वाट्या ओरपणारे आपल्याकडं कमी नाहीत. मीठ त्यातही असतंच की! दिवसाला सगळं मिळून चहाच्या चमचाभरापेक्षा कमी.

रंकाळ्यावरून फिरून आल्या आल्या बीपी मोजू नका. पाच मिनिटं पाठ टेकून बसू दे, मग मोजा आणि वहीत लिहा.