विचारा की! : पिसा उरकून पळता, मग लुक्काला कधी थांबणार?

मागच्या महिन्यात इटलीबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, ठाण्यातून आणि नवी मुंबईतून एवढी पत्रं आली की मला वाटलं अर्धं घोडबंदर सुट्टीत तिकडेच निघालंय. व्हिसाचे प्रश्न पुढच्या वेळी घेते. आज फिरायचं आणि खायचं बोलू.

ताई, मे महिन्यात मी, मिस्टर, सासूसासरे आणि नऊ वर्षांचा मुलगा असे पाच जण चाललोय. रोम, व्हेनिस ठरलंय, फ्लॉरेन्सला चार रात्री आहेत, त्यात एक दिवस पिसा आणि एक दिवस रिकामा. सासरे म्हणतात म्युझियम पुरे झाली, सासूबाईंचे गुडघे दुखतात, मुलाला सायकल पाहिजे. सगळ्यांना जमेल असं काही आहे का? (घोडबंदर रोड, ठाणे)

आहे ना, पिसापासून ट्रेनने अर्ध्या तासावर. लुक्का नावाचं गाव. माझं ऐकाल तर फ्लॉरेन्सची एक रात्र कमी करा आणि ती लुक्काला द्या, कारण दिवसभर पिसाहून आलेली गर्दी संध्याकाळी परत जाते आणि मग जे गाव उरतं ना ते बघायला जायचं असतं.

गावाभोवती सोळाव्या-सतराव्या शतकात बांधलेला तट आहे, घेर साधारण ४.२ किलोमीटर, आणि तो अख्खाच्या अख्खा शाबूत आहे. आता तट म्हटलं की आपल्याला चढण, पडके बुरूज, हातात काठी असलं काहीतरी आठवतं, पण हा भिंत कमी आणि मातीचा रुंद बांध जास्त, वरून चक्क रस्ता जातो, कडेने मोठी झाडं, बसायला बाकं, गाड्यांना बंदी. संध्याकाळी अख्खं गाव वर. आजोबा कुत्रा घेऊन, बायका तावातावाने गप्पा मारत, पोरं सायकलवर, कोणी धावतंय. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, अगं बाई ही तर आपली ठाण्याची तलावपाळी! फक्त मधे तळं नाही, गाव आहे. सायकली दरवाजांजवळ भाड्याने मिळतात, मुलाची अर्ध्या तासात एक फेरी होईल, सासरे तासाभरात चालत पूर्ण करतील, आणि सासूबाई एकदा वर चढल्या की सपाटच आहे, बाकावर बसून येणारेजाणारे बघायचे.

गंमत म्हणजे एवढा खर्च करून तट बांधला आणि शत्रू काही आलाच नाही. कामाला आला तो १८१२ साली, सेर्किओ नदीला पूर आला तेव्हा. दरवाजे गच्च बंद केले आणि पाणी बाहेरच्या बाहेर थोपवलं. तेव्हा तिथे नेपोलियनच्या बहिणीचं, एलिझाचं राज्य होतं, आणि बाईसाहेब नेमक्या बाहेर अडकल्या म्हणून त्यांना क्रेनने उचलून तटावरून आत घेतलं अशी गोष्ट तिकडचे लोक रंगवून सांगतात. खरी असो नसो, मुंबईचा २६ जुलैचा पूर बघितलेल्या माणसाला पटकन पटते.

मुलाला गुइनीजी घराण्याच्या मनोऱ्यावर न्या. चाळीसेक मीटर उंच विटांचा मनोरा आणि त्याच्या डोक्यावर झाडं उगवलीयत, खरीखुरी, ओकची. वर गेलं की आपण गच्चीवर झाडाच्या सावलीत उभे आणि खाली लाल कौलांचा पसारा. पायऱ्या मात्र दोनशेच्या वर आहेत, लिफ्ट नाही, तेव्हा सासूबाईंना तोपर्यंत अँफिथिएटरच्या चौकात कॉफी घेऊन बसवा. हा चौक लंबगोल का आहे ते त्यांना सांगा म्हणजे वेळ जाईल. तिथे रोमन काळात अँफिथिएटर, म्हणजे झुंजी बघायचं लंबगोल मैदान होतं, ते पडीक झालं, लोकांनी दगड काढून नेले, उरलेल्या भिंतींना टेकून घरं बांधली, आणि एकोणिसाव्या शतकात मधली गिचमिड पाडून जागा मोकळी केली तर काय, जुनाच आकार परत वर आला. चौकात शिरायला कमानी आहेत, सगळ्यात बुटकीतून आत या, एकदम उघडं पडतं ते छान वाटतं.

पिसाच्या मनोऱ्यावर ८ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत, तुमचा नऊचा आहे म्हणजे सुटलात, पण वेळ ठरवून तिकीट आधीच काढा. फ्लॉरेन्सहून लुक्काला थेट लोकल गाड्या आहेत, सव्वा तास ते दीड तास. कागदी तिकीट काढलं तर चढायच्या आधी फलाटावरच्या मशीनमध्ये ठप्पा मारायचा, आपण पूर्वी लोकलची कूपनं पंच करायचो तसं. विसरलात तर तिकीट असून दंड. आणि भाड्याची गाडी घ्यायचा विचार असेल तर सोडा, तटाच्या आत बहुतेक रस्त्यांवर बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरा फोटो काढतो आणि घरी आल्यावर काही महिन्यांनी पावती येते.

आम्ही शाकाहारी. पिझ्झा-पास्ता चार दिवस ठीक, नंतर काय? थेपले किती न्यावेत? (नेरूळ)

थेपले न्याच, का ते सांगते. मी लुक्कात पोचले दुपारी तीनला, पोटात कावळे, आणि जिथे जावं तिथे किचन बंद. अडीचच्या आसपास बंद करतात ते सात-साडेसातला उघडतात, मधे सँडविच, आइस्क्रीम, कॉफी. शेवटी तटावर बाकावर बसून डब्यातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, आणि शेजारच्या आजी माझ्या चटणीकडे जरा जास्तच वेळ बघत होत्या.

पण तिथे तुमच्यासाठी एक खास गोष्ट आहे, चेचिना. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, बस, आणि ते मोठ्या परातीत ओतून भट्टीत भाजायचं. वर मिरपूड. कडा कुरकुरीत, मधे मऊ. म्हणजे आपला बेसनाचा पोळाच की! पिझ्झाच्या दुकानात तुकडा मिळतो, गरमच घ्या, गार झाला की घशाला लागतो. फारोचं सूप पण चांगलं, जुन्या जातीच्या गव्हाचं असतं, आपल्या खपल्यासारखं, पण त्यात कधीकधी डुकराचं मांस घालतात म्हणून ‘सेन्त्सा कार्ने?’ विचारायचं, मांस नाही ना? तोर्देल्ली नावाच्या छोट्या करंज्या दिसतील, फसू नका, आत मटण-बिटण असतं. अगदी काटेकोर पाळत असाल तर पार्मेजान चीजही नको, त्यात दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. तिकडच्या ब्रेडमध्ये मीठ नसतं, तुमच्या जिभेचा दोष नाही. गोडाला बुच्चेल्लातो घ्या, मनुका आणि बडीशेपेच्या वासाचा पाव, चहात बुडवून झकास. बिलात माणशी एक-दोन युरो ‘कोपेर्तो’ जास्त दिसले तर भांडू नका, ते बसायचेच पैसे.

मी कॉलेजला आहे, दिवाळीच्या सुट्टीत एकटाच जाणार, बजेट टाइट. चालेल ना? (कोपरी, ठाणे पूर्व)

दिवाळी कधी येते त्यावर आहे रे बाबा. ऑक्टोबर संपता संपता लुक्कात कॉमिक्स आणि गेम्सचा प्रचंड मोठा फेस्टिव्हल भरतो, अख्खं गाव भरून जातं, लोक कॉस्च्युम घालून फिरतात. त्यातलं वेड असेल तर मजा आहे, पण खोली आत्तापासून शोध आणि मिळाली नाही तर पिसात राहून ये-जा कर. वेड नसेल तर ते चार-पाच दिवस टाळ.

खरं सांगू का, रोममध्ये पाच चर्च बघितली, सगळी सारखीच वाटली. लुक्कात चर्च वगळली तर चालतील? (वाशी)

चालतील की काकू, कोण विचारतंय. फक्त दोन ठिकाणी डोकवा.

एक, सान मार्तिनोचं कॅथेड्रल. तिथे इलारिया देल कार्रेत्तो नावाच्या बाईची संगमरवरी कबर आहे, गुइनीजींच्याच घरातली सून, बाळंतपणात वारली, आणि याकोपो देल्ला क्वेर्चा या शिल्पकाराने १४०६ च्या सुमारास तिला झोपलेली दाखवलीय. पायाशी तिचं कुत्रं मान वर करून तिच्याकडे बघतंय. तेवढं कुत्रं बघा.

दुसरं सान फ्रेदिआनो. आत काचेच्या पेटीत सांता झीता आहे, म्हणजे तिचा देहच. ही कोणी राणी नाही, जोगीण नाही, ही मोलकरीण. बारा वर्षांची असताना लुक्कातल्या एका श्रीमंत घरी कामाला लागली आणि १२७२ साली वारली तोपर्यंत त्याच घरी राबली. आज घरकाम करणाऱ्यांची ती संत मानली जाते. गोष्ट अशी सांगतात की ती कोणा गरजूच्या मदतीला गेली आणि इकडे पीठ तसंच राहिलं, परत येऊन बघते तर देवदूतांनी पाव भाजून ठेवलेले. मला तिथे उभं राहून एकदम आपली जनाबाईच आठवली. नामदेवांच्या घरची दासी, आणि जात्याला हात लावायला विठोबा. साधारण त्याच काळातल्या दोघी, एकीला दुसरीचं नावसुद्धा माहीत नाही, आणि दोघींच्या वाट्याचं काम करायला वरून कोणीतरी आलं. मी दहा मिनिटं तिथेच होते, मागे एक गाइड घाई करत होता तरी.

झीता मालकाच्या घरचा पाव पदरात लपवून गरिबांना नेत होती, मालकाने अडवून पदर सोडायला लावला तर पावाच्या जागी फुलं पडली, अशीही एक गोष्ट आहे. म्हणून २७ एप्रिलला तिच्या दिवशी ती पेटी बाहेर आणतात आणि त्या सुमारास तिथे फुलांचा बाजार भरतो. तुमचं तिकीट मेचं असेल तर आठवडाभर अलीकडे ओढता येतंय का ते बघा.