करारातला तास आणि घड्याळातला तास

अनेक आशीर्वाद.

जपानमधल्या खासगी इंग्रजी शाळेतल्या तुझ्या शिक्षिकेच्या नोकरीच्या कराराचा मसुदा वाचला. तू पगाराबद्दल विचारलं आहेस, पण मला आधी तासांबद्दल लिहायचं आहे, कारण या मसुद्यात पाणी तिथेच मुरतं आहे.

आपण मराठीत साठ मिनिटांनाही तास म्हणतो आणि शाळेतल्या चाळीस मिनिटांच्या तासिकेलाही तासच म्हणतो. बोलताना त्यात काही बिघडत नाही. करारात बिघडतं. तुझ्या मसुद्यात एका ठिकाणी 'आठवड्याला २९.५ तास काम' आहे आणि दुसऱ्या ठिकाणी 'आठवड्याला ४० कोमा'. कोमा म्हणजे तिकडची तासिका, आणि तुझ्या वर्गांत ती ४० मिनिटांची आहे. कागद घेऊन हिशेब मांड. दिवसाला ८ कोमा म्हणजे ५ तास २० मिनिटं, पाच दिवसांचे २६ तास ४० मिनिटं. इथवर सगळं २९.५ च्या आत बसतं. पण दोन कोमांमध्ये १० मिनिटांचं अंतर आहे, अशी दिवसाला ७ अंतरं, म्हणजे आठवड्याला ५ तास ५० मिनिटं. पहिल्या वर्गाआधी १५ मिनिटं हजर राहायचं आणि शेवटच्या वर्गानंतर १५ मिनिटं नोंदी भरायच्या, हे मसुद्यात लिहिलेलंच आहे; त्याचे अडीच तास. बेरीज बरोब्बर ३५ तास येते. आणि यात धड्याची तयारी अजून एक मिनिटही आलेली नाही.

फरक साडेपाच तासांचा. पगार महिना २,५०,००० येन धरला, तर २९.५ तासांच्या हिशेबाने तासाला साधारण १,९५० येन पडतात. साडेपाच तासांचे महिन्याला, सुट्ट्या न धरता, ४६,००० च्या वर जातात. हा वाद 'थोडं इकडेतिकडे' म्हणून सोडून देण्याइतका लहान नाही.

शाळा म्हणेल, ती दहा मिनिटं तुमची विश्रांती आहे. त्या दहा मिनिटांत काय काय होतं ते बघ. फळा पुसायचा, सांडलेली चित्रकार्डं क्रमाने लावून खोक्यात ठेवायची, विद्यार्थ्याच्या फाइलमध्ये कुठलं पान झालं आणि गृहपाठ काय दिला ते लिहायचं, मुलाला दारापर्यंत सोडून आईशी दोन वाक्यं बोलायची, पुढच्या वर्गाची फाइल काढून मागच्या वेळची नोंद वाचायची. एखादी चिमुरडी रडत आली तर तेही. पाणी प्यायला मिळालं तर मिळालं. कायद्याने विश्रांती म्हणजे जो वेळ माणसाला हवा तसा वापरता येतो तोच. हाक मारली की उठावं लागत असेल तर ती विश्रांती नव्हे. अशा हाकेला बांधलेल्या थांबण्याच्या वेळेला जपानीत 'तेमाची' म्हणतात, आणि तो वेळ कामातच धरला जातो.

आता हा २९.५ चा आकडा. तो चुकून आलेला नाही. जपानमध्ये पूर्णवेळ आठवडा ४० तासांचा धरला तर त्याचे तीन चतुर्थांश ३० तास, आणि तिथे पोचलं की शाळेला आरोग्यविमा व निवृत्तिवेतन विम्यात तुझं नाव घालून निम्मा हप्ता भरावा लागतो. म्हणून ३० च्या अर्धा तास अलीकडे थांबायचं. शिवाय २९.५ ला पाचाने भागलं की दिवसाचे ५ तास ५४ मिनिटं येतात. काम ६ तासांच्या वर गेलं की ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची होते. कागदावर सहा मिनिटं कमी आहेत, म्हणून तुझ्या वेळापत्रकात जेवणाची सुट्टीच नाही. प्रत्यक्षात दिवस ७ तासांचा आहे. विम्याचा नियम आता आणखी लोकांना लागूही झाला आहे: ऑक्टोबर २०२४ पासून ५१ किंवा जास्त विमाधारक कर्मचारी असलेल्या कंपनीत आठवड्याला २० तासांपासूनच, वेतनाची व इतर अटी पुऱ्या झाल्या तर, नाव घालावं लागतं. तेव्हा कंपनी किती मोठी आहे हे मुलाखतीतच विचार.

कामाचा वेळ कुठला हे करार ठरवत नाही, ही गोष्ट नीट लक्षात ठेव. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००० मध्ये मित्सुबिशीच्या नागासाकी जहाजबांधणी कारखान्याच्या खटल्यात सांगितलं, की कामगार मालकाच्या हुकमाखाली असेल तो वेळ कामाचा, आणि ते प्रत्यक्ष परिस्थितीवरून ठरतं. करारात किंवा नियमावलीत काय लिहिलंय त्यावरून नाही. तिथे वाद कामाचे कपडे आणि सुरक्षासाधनं चढवण्याच्या वेळेचा होता. जानेवारी २०१७ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत तर कामासाठी सांगितलेली पूर्वतयारी, हाकेला हजर राहण्याचा वेळ आणि सक्तीचं प्रशिक्षण ही तिन्ही नावं घेऊन कामाच्या वेळेत धरली आहेत. शेजारच्या कोरियातही जुलै २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तासिकेवर शिकवणाऱ्या विद्यापीठ शिक्षकांबद्दल म्हटलं, की नुसते व्याख्यानाचे तास मोजून त्यांच्या कामाचे तास ठरवता येणार नाहीत.

पण घरी केलेल्या तयारीचं काय? इथेच ग्यानबाची मेख आहे, आणि बहुतेक शिक्षक इथेच हरतात. रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तीन तास कार्डं कापली, हे खरं असलं तरी ते कुणी सांगितलं होतं, त्याशिवाय वर्ग घेताच आला नसता का, आणि तीनच तास लागले कशावरून, या तिन्ही प्रश्नांना उत्तर लागतं. लेखी हुकूम नसला तरी चालतो. जे काम दिलंय ते दिलेल्या वेळेत उरकणं शक्यच नव्हतं आणि हे व्यवस्थापकाला माहीत होतं, असं दाखवता आलं तरी बळ येतं. तरीही स्पष्ट सांगते, घरच्या तयारीचा दावा कमजोर असतो. म्हणून तयारी शाळेत बसून कर, दिवे चालू असताना, व्यवस्थापकाच्या डोळ्यांसमोर. घरी न्यायची वेळ आली तर आधी चार ओळींचा निरोप टाक: 'उद्याच्या नव्या वर्गाची तयारी आजच्या वेळेत बसत नाही. साधारण ५० मिनिटं लागतील. घरी करू की उद्या लवकर येऊन?' उत्तर काहीही आलं तरी ते तुझ्या उपयोगाचं आहे.

प्रामाणिकपणे हेही बघ, की तयारीला खरोखर किती वेळ लागायला हवा. शाळेचं ठरलेलं पुस्तक, ठरलेली पाठयोजना आणि ओळखीचा वर्ग असेल तर ५ ते १० मिनिटं पुरतात. लहान मुलांचा नवा वर्ग किंवा कंपनीतल्या माणसाला त्याच्या कामाचं इंग्रजी शिकवायचं असेल, तर पहिल्या वेळी तासभर सहज जातो. पहिले तीन महिने दोन्ही प्रकारांची वेगवेगळी नोंद ठेव. सगळं एकाच मापाने मागितलंस तर समोरचा सगळंच नाकारेल.

सही करण्याआधी पगारवाढ मागू नकोस, एक कोमा कमी माग. दिवसाला ८ ऐवजी ७ झाले की ४० मिनिटांची तासिका आणि तिच्यासोबतचं १० मिनिटांचं अंतर सुटतं. रोजची ५० मिनिटं, आठवड्याची ४ तास १० मिनिटं तयारीला मिळतात. शाळेला हे पगारवाढीपेक्षा सहज पटतं, कारण वेळापत्रक तसंही रोज पूर्ण भरत नाही. पण ते तोंडी ठेवू नकोस, नाहीतर पहिल्याच महिन्यात कुणी आजारी पडेल आणि रिकामा कोमा बदलीच्या वर्गाला जाईल. करारात वाक्य असं असू दे: 'कामाचा वेळ आठवड्याला ३५ तास. त्यात ४० मिनिटांच्या जास्तीत जास्त ३५ तासिका. उरलेला वेळ तयारी, नोंदी व पालकभेटींसाठी, आणि तोही पगारी. तासिका वाढल्यास तेवढा वेळ वेगळा मोजला जाईल.' कामाच्या सुरुवातीची आणि शेवटची वेळ, विश्रांती, जादा काम आहे की नाही, हे सगळं लेखी देणं तिथल्या श्रमप्रमाण कायद्याच्या (कामाच्या किमान अटी ठरवणाऱ्या कायद्याच्या) १५व्या कलमाने मालकावर बंधनकारक आहे. तू उपकार मागत नाहीयेस.

दोन शब्द मसुद्यात दिसले तर तिथेच थांब. एक, 'ग्योमु इताकु'. म्हणजे तू नोकर नाहीस, स्वतंत्र ठेकेदार आहेस. जादा वेळ, पगारी रजा, विमा काहीच नाही. वेळ, जागा, पुस्तक सगळं शाळा ठरवत असेल आणि वर्ग नाकारता येत नसेल, तर कायद्याच्या नजरेत तू तरीही कामगार ठरू शकतेस, पण ते सिद्ध करण्यात वर्ष जाऊ शकतं. दुसरा, पगारातच धरलेलं ठरावीक जादा काम. ते चालतं, पण किती तास आणि त्याचे किती येन हे मूळ पगारापासून वेगळं दाखवलेलं हवं, आणि त्यापुढच्या प्रत्येक तासाचे वेगळे पैसे.

पहिल्या दिवसापासून एक वही ठेव, पानं फाडता न येणारी, शिवलेली. रोज त्याच दिवशी पेनाने लिही: आत शिरल्याची वेळ, पहिला वर्ग, प्रत्येक अंतरात काय केलं, बाहेर पडल्याची वेळ, आणि जादा काम कुणी सांगितलं. 'खूप काम होतं' असं लिहू नकोस. '१६:४० ते १६:५०, फाइल भरली, पालकांशी बोलले' असं लिही. महिन्याच्या शेवटी एका बैठकीत भरलेली वही कुणालाही ओळखता येते, सगळ्या नोंदी एकाच शाईत आणि एकाच घाईत असतात. वेळापत्रकाचा फोटो दर महिन्याला काढ, मुलांची नावं झाकून. विद्यार्थ्यांची माहिती स्वतःच्या मेलवर पाठवलीस तर शाळेच्या हातात तुझ्याविरुद्ध आयतं कोलीत मिळेल. रेल्वेच्या कार्डावरच्या प्रवासाच्या नोंदी स्टेशनवरच्या मशिनमधून छापून घेता येतात. जुन्या पुसल्या जातात, म्हणून महिन्याला एकदा छाप.

वाद झालाच तर आधी बोल, आणि त्याच संध्याकाळी बोलण्याचा सारांश मेलने पाठव. मग वहीवरून केलेला जादा तासांचा तक्ता जोडून लेखी मागणी कर. दिवसाच्या ८ आणि आठवड्याच्या ४० तासांपर्यंतचे जादा तास नेहमीच्या दराने माग, त्यापुढचे २५ टक्के वाढीव दराने. सगळ्याच तासांवर २५ टक्के लावले की हिशेबातली पहिलीच चूक शाळेचा सल्लागार पकडतो आणि बाकीचा तक्ताही संशयाखाली येतो. दाद मिळाली नाही तर टपालखात्यातून मजकूर प्रमाणित होऊन जाणारं 'नाइयो शोमेइ' पत्र पाठव. एप्रिल २०२० पासूनचा थकलेला पगार मागण्याची मुदत ३ वर्षं आहे, आणि अशा मागणीने ती सहा महिने थांबते.

पुढची पायरी श्रमप्रमाण निरीक्षण कार्यालय, म्हणजे तो कायदा पाळला जातो की नाही हे बघणारं सरकारी कार्यालय. तुझ्या घराजवळचं नव्हे, शाळा ज्याच्या हद्दीत येते ते. फी नाही. तिथे नुसता 'सोदान', म्हणजे सल्ला, मागितलास तर सल्ला देऊन घरी पाठवतील. कायदा मोडल्याची तक्रार करायची आहे, 'शिनकोकु', हा शब्द वापर. करार, पगारपत्रकं, तक्ता आणि वहीच्या प्रती सोबत ने. तक्रार केली म्हणून कामावरून काढणं त्याच कायद्याच्या १०४व्या कलमाने मना आहे. ६,००,००० येनपर्यंतच्या रकमेला लघुवाद न्यायालय, त्यावर श्रम न्यायाधिकरण. तिथे साधारण तीन बैठकांत निकाल लागतो. कामगार संघटनेत मात्र वाद व्हायच्या आधीच नाव घाल.

व्हिसाची धमकी ऐकू आली तर घाबरू नकोस. राहण्याचा परवाना शाळेच्या मालकीचा नसतो. नोकरी सुटली की १४ दिवसांत स्थलांतर खात्याला कळवायचं, आणि तीन महिने विनाकारण रिकामं राहायचं नाही. फक्त तुझ्यासारख्या खासगी इंग्रजी संवादवर्गातून सरकारी शाळेत जायचं असेल तर परवान्याचा प्रकार बदलून घ्यावा लागतो, उलटही तेच.

सुधारलेला मसुदा आला की सहीआधी पाठव, आणि नियमावलीही मागून घे. १५ मिनिटं आधी येण्याची अट त्यांनी करारातून काढून नियमावलीत तशीच ठेवली असेल, तर ती आपल्याला तिथेच सापडेल.