एखादा अब्जाधीश बार्सिलोना हा फुटबॉल क्लब विकत का घेत नाही?
गोव्यात फातोर्ड्याला रस-आमलेटच्या गाड्यावर परवा हाच वाद रंगला होता की, श्रीमंत मालक आला तर हवा तो आघाडीपटू लगेच आणता येईल. अडचण अशी की, विकत घ्यायला शेअरच नाहीत. स्पेनमधील १९९० च्या क्रीडा कायद्यानुसार बहुतेक व्यावसायिक क्लबांना कंपनीचे रूप घ्यावे लागले. बार्सिलोना, रेआल माद्रिद, अॅथलेटिक बिल्बाओ आणि ओसासुना हे चार मात्र सभासदांच्याच मालकीचे राहिले, आणि त्यांचे अध्यक्षही सभासदच मतदानाने निवडतात. शिवाय नुसता पैसा उभा करून भागत नाही, कारण ला लिगाची, म्हणजे स्पेनच्या अव्वल फुटबॉल लीगची, खेळाडूंच्या पगारखर्चावरची वेतनमर्यादा आड येते. त्यामुळेच २०२१ मध्ये बार्सिलोनाशी करार ठरलेला असूनही मेस्सीची नोंदणी होऊ शकली नाही आणि तो पॅरिसला गेला. गाड्यावर मात्र नवा आघाडीपटू दर सोमवारी ‘येतोच’ आहे.