कॅन्सरच्या औषधासाठी नॅनोपार्टिकलवर पीएच.डी. करावी का? हे काम रुग्णापर्यंत पोहोचतं का?

तुमचं एम.फार्म. संपत आलंय, गाईडनी फोलेट (गाठीच्या पेशींना चिकटावं म्हणून लावायचं एक जीवनसत्त्व) लावलेल्या नॅनोपार्टिकलमधून, म्हणजे अतिसूक्ष्म कणांतून, डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध गाठीपर्यंत न्यायचा विषय सुचवलाय, आणि हे सगळं पेपरापुरतंच राहतं की काय अशी तुम्हाला शंका आहे. मी याच विषयात साडेपाच वर्षं काढली आणि पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा हेच करीन. तेव्हा माझं उत्तर आधीच सांगते: जरूर करा. फक्त विषय जसा सुचवलाय तसाच्या तसा घेऊ नका.

रुग्णापर्यंत पोहोचतं का, तर पोहोचलेलं आहे, आणि तेही तुमच्याच औषधाच्या बाबतीत. डॉक्सिल म्हणजे नॅनोपार्टिकलमध्ये भरलेलं डॉक्सोरुबिसिन. त्याला अमेरिकेत 1995 साली मान्यता मिळाली. साधारण 80 ते 100 नॅनोमीटरचा लायपोसोम, म्हणजे मेदाची पोकळ गोळी, बाहेरून पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं आवरण, आणि आत डॉक्सोरुबिसिन इतकं गच्च भरलेलं की त्याचे आतल्या आत स्फटिक होतात. 2012 मध्ये तिकडे डॉक्सिलचा तुटवडा पडला, तेव्हा औषधांना मान्यता देणाऱ्या तिथल्या एफडीएने आपल्या सन फार्माचं तशाच प्रकारचं लिपोडॉक्स तात्पुरतं मागवू दिलं होतं. म्हणजे हे औषध बनवणारे हात आपल्याकडेही आहेत.

आता यातली खरी गोष्ट बघा. डॉक्सिलवर फोलेट नाही, अँटिबॉडी नाही, गाठ ओळखणारं काहीही नाही. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरवर साध्या डॉक्सोरुबिसिनशी त्याची तुलना झाली आणि 2004 साली निकाल छापून आले. रोग दोघांनीही जवळपास सारखाच आवरला. मोठा फरक पडला तो हृदयात. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट असतात, त्यामुळे लायपोसोममध्ये कोंडलेलं औषध तिथे फारसं शिरत नाही. साधं डॉक्सोरुबिसिन एका मर्यादेपलीकडे देता येत नाही ते हृदयाच्या भीतीनेच, म्हणून हा फरक फार मोलाचा आहे. त्याची किंमतही मोजावी लागली: तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा त्रास वाढला.

पॅक्लिटॅक्सेल हे कॅन्सरचं दुसरं औषध. अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल 2005 मध्ये आलं, तिथेही तेच. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते एरंडेलापासून केलेल्या क्रेमोफोरमध्ये देतात आणि त्या क्रेमोफोरचीच रुग्णाला तीव्र रिॲक्शन येऊ शकते. नव्या औषधाने क्रेमोफोरच काढून टाकलं. आजवर नॅनोपार्टिकलने रुग्णाला जे दिलं त्यातलं बरंचसं असं आहे: औषध नको तिथे जाऊ न देणं. 'टार्गेटेड' हा शब्द ऐकून आपण बाण डोळ्यासमोर आणतो, म्हणून हे निसटतं. माझंही निसटलं होतं.

माझे पार्टिकल पीएलजीए या शरीरात हळूहळू विघटित होणाऱ्या पॉलिमरचे होते. ॲसिटोनमध्ये पॉलिमर आणि औषध विरघळवायचं, सुईतून थेंबथेंब ढवळत्या पाण्यात सोडायचं. बघता बघता त्या पाण्यावर निळसर झाक चढते, पाणी घातलेलं दूध उजेडाकडे धरल्यावर दिसते तशी. ती झाक पहिल्यांदा दिसली त्या रात्री मी घरी फोन करून सांगितलं होतं. आकार 140 नॅनोमीटर, सगळे एकसारखे. मग गाईड म्हणाल्या, "पाण्यात काय बघतेस? सीरममध्ये टाक." सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा पातळ द्रव. टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्यूबच्या तळाशी पांढरा चोथा बसला होता. सीरममधली प्रथिनं पार्टिकलवर चिकटली होती, आणि मी निगुतीने लावलेलं फोलेट त्या थराखाली गाडलं गेलं होतं.

आवरण बदलून, पार्टिकल सीरममध्ये टिकायला लागल्यावर उंदरांपर्यंत पोहोचले, त्यात आणखी दीड वर्ष गेलं. इमेजिंगच्या पडद्यावर यकृत लख्ख उजळलं होतं. मांडीजवळची गाठ म्हणजे एक फिकट ठिपका. यकृतातल्या भक्षक पेशी रक्तातून येणारा परका कण गिळतात, ते त्यांचं कामच आहे. मी खचले होते, पण त्याच सुमारास टोरोंटोच्या वॉरन चान यांच्या गटाचा 2016 चा आढावा वाचनात आला. आधीच्या दहा वर्षांतले उंदरांवरचे प्रयोग त्यांनी गोळा केले, तर टोचलेल्या डोसपैकी गाठीत पोहोचलेल्याचा मध्यक निघाला 0.7 टक्के. फोलेटसारखा गाठ ओळखणारा रेणू लावलेल्या कणांचा 0.9, न लावलेल्यांचा 0.6. फोलेटसाठी अख्खी पीएच.डी. खर्च करण्याआधी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघा.

म्हणून माझं सांगणं असं, की गाईडसमोर सायनॉप्सिस ठेवताना पहिला प्रश्न 'औषध कुठे न्यायचं' हा नको, 'कुठला अवयव वाचवायचा' हा घ्या. हृदय, मज्जातंतू, मूत्रपिंड, जे काही असेल ते. मग गाठीतला आकडा लहान राहिला तरी हातात सांगण्यासारखं काहीतरी उरतं, आणि यकृतात, प्लीहेत, हृदयात किती औषध गेलं हे मोजणं आपोआप प्रबंधाच्या मध्यभागी येतं. बरेच जण ते मोजतात आणि शेवटच्या तक्त्यात टाकून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. उंदरांची सोय आणि एथिक्स कमिटीची परवानगी यांचं काय, हेही प्रवेश घेण्याआधीच विचारा. ते नसेल तर काम पेशींवरच थांबतं, आणि मग तुमची शंका खरी ठरते.

गाईड फोलेटवर ठामच असतील, तरी हरकत नाही, पण एक चूक टाळा. पेशी पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेकडून मागवताना फोलेट रिसेप्टर (फोलेट पकडणारे पेशीवरचे रेणू) भरपूर असलेल्या मागवा, हेला नावाच्या पेशी चालतील. एमसीएफ-7 या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर ते फारच कमी असतात, तुलनेसाठी त्या ठेवा. आणि पेशी वाढवायचं नेहमीचं आरपीएमआय हे पोषक द्रावण वापरू नका. त्यात फोलिक ॲसिड इतकं असतं की रिसेप्टर आधीच भरून जातात आणि तुमचे पार्टिकल दाराबाहेर राहतात. फोलेट नसलेलं आरपीएमआय वेगळं मिळतं. माझे पहिले चार महिन्यांचे प्रयोग याच एका बाटलीमुळे वाया गेले. तुम्ही ऑर्डर आत्ताच टाका.