भुताचे डोळे कुठे लावायचे?

मावशी, आमच्या सोसायटीत 31 ऑक्टोबरला, हॅलोविननिमित्त, मुलांची ‘भुताची पार्टी’ आहे. गोडाचं खातं माझ्याकडे आलंय. पाच ते नऊ वर्षांची चौदा मुलं, त्यातली दोन जैन. घरी ओव्हन नाही. नोकरीमुळे आदली रात्र आणि त्या दिवशीचा तासभर, एवढाच वेळ हाताशी. मोबाइलवर पाहिलं तर सगळं अंड्याचं, नाहीतर खिशाला न परवडणारं. काय करू?
— एक आई, डोंबिवली

ओव्हन नाही हे बरंच झालं. माझ्याकडे होता म्हणून मी फसले. नातवाच्या वाढदिवसाला मेरिंगची भुतं करायला घेतली होती. अंड्याचा पांढरा भाग साखर घालून फेटायचा, ओव्हनच्या अगदी मंद आचेवर दीड तास वाळवायचा. दुपारी दोनला भुतं कशी खडखडीत, पांढरीशुभ्र. पण ऑक्टोबरातली ठाण्याची हवा तुम्हाला ठाऊकच आहे. चारला त्यांना घाम फुटला, सहाला ती ताटात बसली आणि मेणबत्त्या लावेपर्यंत चिकट डबकं झालं. नातू म्हणाला, “आजी, भुतं मेली.”

तेव्हापासून माझं भूत श्रीखंडाचं. अंडं नाही, ओव्हन नाही आणि बहुतेक काम आदल्या दिवशीच.

चौदा मुलांना दीड किलो घट्ट, सायीचं दही घ्या. दही आंबट नको. आदल्या दिवशी सकाळी कामावर जाताना मलमलच्या फडक्यात बांधून फ्रीजमध्येच चाळणीत ठेवा, खाली पातेलं. रात्री सहाशे-सातशे ग्रॅम चक्का मिळेल. एरवी आपण श्रीखंडाला चक्क्याच्या बरोबरीने साखर घालतो. इथे निम्म्याहून कमी, फार तर तीनशे ग्रॅम पिठीसाखर. साखरेने श्रीखंड सैल होतं आणि सैल भूत उभं राहत नाही. तरी सैल वाटलं तर दोन-तीन चमचे दूध पावडर मिसळून रात्रभर फ्रीजमध्ये राहू द्या. वेलची थोडीशी चालेल. केशर मात्र नको, भुताला कावीळ होते.

नोझल विकत आणू नका. दुधाची रिकामी पिशवी धुऊन पुसून घ्या, श्रीखंड भरा, एका कोपऱ्याचा बोटाएवढा तुकडा कापा. छोट्या ग्लासात तळाला चॉकलेट बिस्किटांचा चुरा घाला, ती स्मशानातली माती. त्यावर पिशवी सरळ उभी धरून दाबायची. खाली घेर पसरला की दाब कमी करत हात वर न्यायचा आणि झटक्यात उचलायचा. टोक आपोआप एका बाजूला कलतं. कललं तर तसंच राहू द्या, सरळ केलंत तर मोदक दिसतो.

आता डोळे. सगळी गंमत इथेच आहे आणि घाईत सगळे इथेच चुकतात. तीळ लावू नका, ते गळतात आणि दिसतही नाहीत. चॉकलेट चिप किंवा काळ्या मनुकेचे तुकडे घ्या. डोळे लांब लांब लावले तर भूत गरीब दिसतं, जवळजवळ लावले तर बावळट. एक डोळा किंचित वर चढवला की ते तुमच्याकडेच बघतंय असं वाटायला लागतं. मी हे काम मुलांनाच देते. वाटीत चिप्स ठेवायच्या, प्रत्येकाने आपापल्या भुताला डोळे लावायचे. एकदा एका मुलीने सात डोळे लावले होते आणि मग ते भूत कुणाला खाऊच देईना.

बिस्किटांचा चुरा रात्रीच घालून ठेवू नका, सकाळपर्यंत लगदा होतो. त्या दिवशीच्या तासाभरात भरायचं.

सोबत रक्त हवं असेल तर बीट नको. तुमच्याकडे दोन जैन मुलं आहेत आणि बीट कंदमूळ आहे. आपलं कोकम काय वाईट? मात्र आगळ घेऊ नका, त्यात मीठ असतं. अमृत कोकम घ्या. दहा ग्रॅम चायना ग्रास तीन वाट्या पाण्यात अर्धा तास भिजवा, मग एकही दोरा दिसेनासा होईपर्यंत उकळा. गॅस बंद करा आणि मगच वाटीभर अमृत कोकम ओता. आंबट पदार्थ चायना ग्राससोबत उकळला की जेली नीट धरत नाही, हे मी दोन पातेली वाया घालवून शिकले. ताटात ओतलं की तासाभरात फ्रीजबाहेरच आळतं आणि खोलीच्या उकाड्यात वितळत नाही. काट्याने ओबडधोबड मोडलं की साकळलेलं रक्त तयार. ते वेगळ्या वाटीत द्या, श्रीखंडावर आधीच घातलंत तर पाणी सुटतं. पाच वर्षांच्या मुलांना जेलीचे मोठे तुकडे देऊ नका, आणि द्राक्षं ठेवलीत तर उभी चिरून. अख्खं द्राक्ष घशात अडकतं.

जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून होतं, म्हणून ते इथे बाद. चायना ग्रास समुद्री शेवाळाचं. तरी त्या दोन्ही आयांना आधी एक फोन कराच, घराघराचे नियम वेगळे असतात. आणि ती मुलं सूर्यास्तानंतर खाणार नसतील तर तेही विचारून ठेवा. ऑक्टोबरअखेर आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पाचला गोड वाढा आणि पडदे ओढून घ्या. भुतांना तेवढा अंधार पुरतो.

मुलीच्या मैत्रिणींसाठी मला भोपळ्याच्या तोंडाचं काहीतरी करायचंय. सासूबाईंचं म्हणणं, हे परकं खूळ दिवाळीच्या दिवसांत घरात नको. त्यांचं मन न दुखवता काही करता येईल का?
— वाचक, कोल्हापूर

सासूबाईंनाच कामाला लावा. त्यांना घारगे येत असणार.

आधी त्यांच्या कानावर घाला की हॅलोविनला भोपळा कोरायची रीतसुद्धा मूळची नव्हे. आयर्लंडमध्ये सलगम कोरायचे. तिथले लोक अमेरिकेत गेले, तिथे त्यांना ऐसपैस भोपळे मिळाले आणि सलगम मागे पडलं. आपल्याकडे तर भोपळ्यात बसून म्हातारी वाघाच्या तावडीतून सुटते. आणि 2024 मध्ये 31 ऑक्टोबरला नरक चतुर्दशीच होती. आम्ही पहाटे पायाखाली कारीट फोडलं आणि संध्याकाळी हीच पोरं चादरी पांघरून जिन्यात दबा धरून बसली. घराला काही झालं नाही.

दोन वाट्या लाल भोपळ्याचा कीस आणि वाटीभर गूळ एकत्र शिजवून पूर्ण गार करा. मीठ, जायफळ, दोन चमचे तांदळाची पिठी, चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन. मग मावेल तेवढी कणीक, साधारण दोन वाट्या. पाणी थेंबभरही नको. दोन तास झाकून ठेवा. जाडसर लाटून वाटीने गोल पाडा आणि कच्च्यालाच सुरीच्या टोकाने डोळे, नाक, दात कापा. तळण मध्यम आचेवर, मोठ्या आचेवर गूळ करपतो. भोकं पाडल्यामुळे घारगा फुगत नाही, सासूबाई त्यावरून बोलतीलच. पण कडा खमंग होतात आणि भोपळ्याला भोपळ्याचंच तोंड मिळतं.

उरलेल्या पिठाची पावलं कापा. हडळीची पावलं उलटी असतात हे सासूबाईंना मुलींपुढे सांगू द्या. ताटात टाचा पुढे, बोटं मागे अशी मांडा. मुंजा पिंपळावर का बसतो, चकवा लागला की माणूस रात्रभर एकाच शेताभोवती कसा फिरतो, हे त्यांच्याइतकं रंगवून तुम्हाला येणार नाही. माझी आजी देवगडला चुलीपुढे बसून वेताळाची पालखी सांगायची, तेव्हा आम्ही लाडू हातात धरून बसायचो, खायची शुद्ध नसायची.

वाढदिवसाला केटरर म्हणतोय, सरबतात ड्राय आइस टाकू, मस्त धूर निघेल. सुरक्षित असतं का?
— एक बाबा, नाशिक

नाही म्हणा.

ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे 78 अंशांचा. तुकडा तोंडात गेला तर जीभ, घसा भाजल्यासारखा होतो. 2024 मध्ये गुरुग्राममध्ये एका ठिकाणी जेवणानंतर मुखवास समजून तो खाल्ला गेला आणि माणसांच्या तोंडातून रक्त आलं. ती मोठी माणसं होती. सात वर्षांचं पोर ग्लासाच्या तळाशी काय उरलंय ते बघत बसत नाही.

त्यापेक्षा जादू दाखवा. गोकर्णाची निळी फुलं (देठ काढून, दहा-बारा) कपभर गरम पाण्यात टाका. गर्द निळं पाणी होतं. गाळा, साखर घाला, गार करा. मुलांसमोर लिंबू पिळा. निळं पाणी बघता बघता जांभळं होतं, अजून पिळलं तर गुलाबीकडे झुकतं. चेटकिणीचं सरबत! लिंबू पिळायचं काम वाढदिवसाच्या मुलाला द्या आणि डझनभर लिंबं जास्तीची ठेवा, कारण प्रत्येकाला स्वतःचं पिळायचं असतं.

मुलाच्या शाळेत हॅलोविनला खाऊ न्यायचाय. दाणे, बदाम, काजू काहीच चालत नाही. अर्ध्या तासात होईल असं?
— वाचक, न्यू जर्सी

आधी शाळेला विचारा, घरचं चालतं की फक्त लेबल लावलेलं पाकीटबंद. घरचं चालत असेल तर छोटी संत्री सोला, फोडी सुट्या करू नका, वरच्या खळग्यात सेलरीच्या दांडीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा खोचा. झाला भोपळा. सोबत अर्धी केळी उभी ठेवा, लिंबाचा रस चोळून, दोन चॉकलेट चिप्सचे डोळे. चिप्सच्या पाकिटामागची बारीक अक्षरं मात्र वाचा, दाण्याच्या कारखान्यातल्या चिप्स निघतात. केळी शेवटी सोला, शक्यतो शाळेच्या पार्किंगमध्येच.