ओघळ बुजवावा का? आणि आणखी तीन प्रश्न

या वेळी जागा आणि बांधकाम यांच्यातल्या भांडणाचेच प्रश्न घेतलेत. पहिल्या उत्तराला जास्त जागा दिली आहे, कारण त्यात आर्किटेक्ट म्हणून माझंच एक जुनं पाप आहे.

प्रश्न : आम्ही उतारावर प्लॉट घेतला आहे. मधून एक कोरडा ओघळ जातो. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, ओघळात पाइप घालू, वर भराव टाकून सपाट करू, आठवड्याचं काम आहे. आर्किटेक्ट म्हणतात, एक पावसाळा थांबा. कोणाचं ऐकावं?

आर्किटेक्टचं. २२ वर्षांपूर्वी मी तुमच्या कॉन्ट्रॅक्टरसारखाच विचार केला होता. जागा पाहिली ती उन्हाळ्यात. ओघळात वाळकं गवत, पाण्याचा टिपूस नाही. मी तिथे गाडी लावायची जागा काढली आणि खाली पाइप दाखवला. पहिल्या मोठ्या पावसात पाइप पालापाचोळ्याने तुंबला आणि पाणी आपल्या जुन्या वाटेने आलं. आता त्या वाटेवर मी बसवलेला जिना होता, एवढाच फरक. तळमजल्यात घोटाभर गाळ. मालकीणबाई मला काही बोलल्या नाहीत, नुसतं फावडं हातात दिलं.

पाइप लहान पडला, असं मी पुढे बरीच वर्षं सगळ्यांना सांगत होते. खरं म्हणजे प्लॉटची हद्द हीच पाण्याची हद्द, असं मी धरून चालले होते. ओघळातलं पाणी तुमच्या प्लॉटवर पडलेलं नसतं, वरच्या अख्ख्या उताराचं असतं. एक हेक्टर उतारावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाच लाख लिटर पाणी होतं. त्यातलं काही मुरतं. पण किती मुरणार हे तुमच्या हातात नाही: उद्या वरच्या बाजूला कोणी फरशी घातली की तेवढं मुरणं थांबलं, आणि आज हिशेबाने घातलेला पाइप उद्या अपुरा.

तेव्हा आधी वर चालत जा, पाणी दोन्हीकडे फुटतं त्या माथ्यापर्यंत. मग खाली उतरा आणि तुमचं पाणी कोणाच्या दारात जातं ते बघा. पावसाळा थांबायचं म्हणजे स्वस्थ बसायचं नाही. ओघळाच्या काठाने खुंट्या मारा. मोठा पाऊस होऊन गेला की झुडपांत काटक्या आणि पाचोळा किती उंचीवर अडकलाय ते बघा. पाणी तिथवर चढलं होतं. थांबणं शक्यच नसेल तर कॉन्टूर सर्व्हे, म्हणजे उंचीच्या दर अर्ध्या मीटरला एक रेषा दाखवणारा जमिनीचा नकाशा, करून घ्या आणि शेजारच्या जुन्या माणसांना विचारा, ‘पावसात गाडी कुठे रुतते?’ ‘पूर येतो का?’ असं विचारलंत तर ‘छे, कधीच नाही’ असं उत्तर मिळेल. जागा विकायची असते लोकांना.

घर ओघळाच्या बाजूला घ्या. ओलांडायचंच असेल तर खांबांवर उचला. श्रीलंकेत आर्किटेक्ट जेफ्री बावांनी कंदलामाचं हॉटेल असंच कड्याला लागून, खांबांवर उभं केलं. कड्यावरून येणारं पाणी इमारतीखालून तळ्याकडे निघून जातं. त्यांना आधी दाखवलेली जागा सिगिरियाच्या खडकाजवळची होती. ती नाकारून त्यांनी ही निवडली. जागा नाकारणं हासुद्धा डिझाइनचाच भाग आहे. फक्त त्याची फी कोणी देत नाही.

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. झिम्बाब्वेतल्या हरारेच्या ईस्टगेट सेंटरवरून, म्हणजे वारुळासारखी हवा खेळवणारी ऑफिसची इमारत केली. परीक्षकांनी ‘साइटशी संबंध नाही’ म्हणून गुण कापले. निसर्गाकडूनच तर शिकले होते!

परीक्षक बरोबर आहेत. राग आला तरी पुढे वाचा. मिक पिअर्स यांची ही इमारत १९९६ साली झाली आणि तिच्यासोबत वारुळाची गोष्ट जगभर फिरली. पुढच्या अभ्यासात वारुळातली हवा तशी फिरतच नाही असं दिसलं. तरी इमारत चालते! कारण हरारे जवळजवळ दीड हजार मीटर उंचीवर आहे. दिवस उबदार, रात्री गार. रात्रीची गार हवा पंख्यांनी आत फिरवून काँक्रीट थंड करायचं आणि दिवसभर तो गारवा पुरवून वापरायचा, असा तो हिशेब आहे. तुमच्या साइटवर रात्रीही उकडत असेल तर तेच काँक्रीट पहाटे गरमच राहील. तुम्ही त्या इमारतीची हवा बाहेर सोडणारी धुरांडी उचललीत, रात्र उचलता आली नाही. आधी वर्षभराचं दिवसाचं आणि रात्रीचं तापमान एका कागदावर मांडा. दोघांत अंतरच नसेल तर हा मार्ग सोडा आणि सावली व आरपार वारा यांच्या मागे लागा.

प्रश्न : स्थानिक माती-दगड वापरले की इमारत जागेशी जुळलीच, नाही का?

१९४५ मध्ये आर्किटेक्ट हसन फतही यांनी इजिप्तमध्ये लक्झरजवळ, जुन्या गुर्ना गावातल्या लोकांना हलवण्यासाठी, नवं गुर्ना वसवायला घेतलं. मातीच्या विटा, कमानी, घुमट, सगळं तिथलंच आणि देखणं. पण जुन्या गावातली घरं प्राचीन थडग्यांवर होती आणि लोकांची कमाई त्या थडग्यांशी जोडलेली होती. बहुतेकांनी हलायला नकार दिला. पुढे भूजल वर आलं आणि क्षारांनी त्या मातीच्या भिंतीही खाल्ल्या. माती तिथलीच होती. पोटापाण्याचा हिशेब मात्र तिथला नव्हता.

उलट बुर्किना फासोतल्या गांदोची शाळा बघा, २००१ सालची. तिचे आर्किटेक्ट फ्रान्सिस केरे त्याच गावचे. मातीच्या विटांत त्यांनी थोडं सिमेंट मिसळलं, छप्पर चक्क पत्र्याचं केलं. पत्रा तापतो, म्हणून तो विटांच्या छतापासून वर उचलला. मधून गरम हवा निघून जाते. क्रेन मिळणार नव्हती, तेव्हा छपराचा सांगाडा साध्या सळयांचा, जागेवर वेल्डिंग करता येईल असा. गावकऱ्यांनी बांधली, म्हणून दुरुस्तीही त्यांना जमते. मला विचाराल तर हा पत्रा त्या घुमटांपेक्षा जास्त स्थानिक आहे.

प्रश्न : जुनं झाड वाचवायला घराचा नकाशा बदलला. तीन वर्षांत झाड वाळलं. कीड दिसत नाही.

खोडाभोवती भराव टाकला होता का? बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरमध्येच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेर जातात. वर माती पडली किंवा ट्रक फिरले की जमीन दबते आणि मुळं गुदमरतात. झाड लगेच मरत नाही, म्हणून दोष कोणावर येत नाही. पुढच्या वेळी जेसीबी येण्याआधी फांद्यांच्या घेराबाहेरून कुंपण घाला. आणि त्या कुंपणात सिमेंटच्या गोण्या रचू देऊ नका. रचतातच, तिथे सावली असते.